पाच मिनिटं गप्प

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना भूगोलाच्या बाईंच्या गळ्यात उद्योजकता हा विषय पडला. भूगोलाचे तास कमी झाले होते. प्रशिक्षण पूर्ण केलं नाही, तर बाई जादा ठरणार आणि लांबच्या कुठल्या तरी शाळेत बदली होणार, हे मुख्याध्यापकांनी चहा पाजून गोड शब्दांत सांगितलं. जिना बघूनच गुडघे कुरकुरतात त्या वयात बाई पुन्हा बाकावर बसल्या.

शिकवणारी मुलगी त्यांच्या धाकट्या भाचीएवढी. ती म्हणाली, "धंद्यात आधी गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यावं लागतं. कुणालाही त्याची अडचण विचारा. पाच मिनिटं तो बोलेल, तुम्ही गप्प. फोनवर रेकॉर्ड करून आणा."

बाईंना वाटलं, हा तर हातचा मळ. पण भाजीवाली म्हणाली, "माल त्या डोंगरापलीकडून येतो," आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "डोंगर नाही, पठार आहे ते." शेजारीण उत्तरेच्या खिडकीतल्या उन्हाबद्दल रडगाणं गात होती, तर बाईंनी तिला ती खिडकी पश्चिमेची असल्याचं समजावून दिलं. दोन्ही रेकॉर्डिंग वाया गेली. आयुष्यभर दुसऱ्याची चूक काढून पगार घेतलेली बाई, गप्प बसणार कशी?

रेकॉर्डिंग द्यायच्या आदल्या संध्याकाळी उत्तरपत्रिका तपासून डोकं भणभणत होतं. समोर नवरा पेपर वाचत बसला होता. बाईंनी टेबलावर फोन ठेवला आणि भिंतीला पाठ टेकली.

"अहो, तुमची काही अडचण असेल तर सांगा."

"माझी? आता कसली अडचण!" तो हसला. मग पेपराची घडी घालून म्हणाला, "मला सायकलदुरुस्तीचं दुकान काढायचं होतं, आठवतं? तुला सांगायला बसलो, तर तू म्हणालीस, तो चौक चुकीचा, तिथं वर्दळ नाही, भाडं एवढं नसतं. तुझं सगळं बरोबरच होतं गं. पण नंतर तुला काही सांगावंसंच वाटलं नाही."

चौकाबद्दल आजही बाईंचंच खरं होतं. ते बोलायला तोंड उघडायचं त्राण मात्र नव्हतं. तो टायर, पंक्चर, हवेचा पंप असं कितीतरी वेळ बोलत राहिला.

"हे वर्गात ऐकवू?" बाईंनी नंतर विचारलं.

"ऐकव की. माझं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते वर्गात ऐकवलं. "असं ऐकायचं असतं!" शिकवणारी मुलगी म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बदली टळली. बाईंना सांगावंसं वाटलं, की मी ऐकत नव्हते गं, दमले होते. पण नोकरीचा प्रश्न होता.

घरी आल्यावर त्यांनी चप्पलही न काढता विचारलं, "अहो, दुकानाचं नाव काय ठेवणार होतात?"

त्यानं पेपरातून मान वर केली. "पास झालीस ना?"

"झाले."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि त्यानं पान उलटलं.