केरातला तारा

एमएस्सी झाल्यावर मला गोव्याला समुद्रातल्या जीवांवर संशोधन करायला जायचं होतं आणि आण्णांचा ठाम नकार होता. आण्णा म्हणजे माझे वडील. विट्याच्या कितीतरी माणसांसारखे तेही परमुलखात, मदुराईला, सोनं गाळायचे. नव्वदच्या दशकातल्या त्या मे महिन्यात ते गावी आले होते. "पोरीच्या जातीनं एवढ्या लांब कशाला?" एवढं बोलून त्यांच्या लेखी विषय संपला होता. माझ्या लेखी नव्हता. हट्टाला मी त्यांचीच लेक.

सांगलीच्या कॉलेजातल्या सरांनी मला चित्रं काढायला एक बरणी दिली होती. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवरून त्यांच्या मित्रानं आणलेला ब्रिटल स्टार, ताऱ्याच्या आकाराचा एक समुद्री जीव, तिच्यात होता: रुपयाएवढं अंग, सापासारखे पाच बारीक हात. ती बरणी माझ्या हातून निसटली. फरशीवर काचा, स्पिरिट आणि ताऱ्याचे तुकडे. मी चक्क भोकाड पसरलं. आई केरसुणी घेऊन धावली.

"थांब! झाडू नगंस," आण्णा ओरडले. गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, दुकानात जमिनीवरची धूळसुद्धा फेकत नाहीत, तिच्यात सोन्याचा कण असतो. त्यांनी मऊ कुंचल्यानं सगळं कागदावर ओढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि कागदावर वाकले.

"आगं, ह्यात पोरं हायत."

मी पाहिलं. ताऱ्याच्या फुटलेल्या अंगातून सांडलेले, मोहरीहून लहान, पाचही हात असलेले तारे! पृथ्वीच्या टोकाला, बर्फाखाली पोटात वाढलेली ती पिल्लं विट्याच्या आमच्या फरशीवर होती.

मग मी बोलतच सुटले. ही जात पिल्लं पोटात सांभाळते, म्हणून ती फार लांब जात नाहीत आणि दर खाडीतलं कूळ हळूहळू वेगळं होत जातं. दुसरी जात पिल्लं पाण्यावर सोडून देते. ती गार प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि पार दूरच्या किनाऱ्यांवर त्यांचे सख्खे भाऊबंद सापडतात.

"दिसाय सारखीच आसली तर वळकायचं कसं?"

"डीएनए तपासून."

"म्हंजी कस लावायचा."

"व्हय."

भिंग लावलेला डोळा वर न करता आण्णा बोलू लागले.

"मला मिसरूड फुटायच्या आधी सोडलं मदुराईला. भाषा कळत न्हवती. लय रडलो." हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "तुला तरी किती दिस पोटात ठिवू? गोव्यात आपल्या गावच्याचं गलाईचं दुकान हाय. पयल्या दिवशी तितं उतर. मग जा तुज्या समुद्राव."