बाटलीवर वाढलेला चितळ

माझे अब्बा जिवंत आहेत, हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट ताणून धरायचा मला मनस्वी कंटाळा, आणि त्या शुक्रवारची सकाळ मी जशी काढली तशी वाचणाऱ्यालाही काढायला लावण्याइतका मी दुष्ट नाही. ते आहेत, धडधाकट आहेत. सुट्टीला माझ्याकडे आलेत आणि आत्ता बाजूच्या खोलीत माझ्या मुलीशी टीव्हीच्या रिमोटवरून भांडताहेत. ती इंग्रजीत भांडते, ते मराठीत, आणि दोघांपैकी कोणी मागे हटत नाही.

मी अबुधाबीजवळ मुसफ्फात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. गेट, ग्रील, शेड, टाक्यांचे स्टँड, असली कामं. अब्बा असतात रास अल खैमाच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी, एका अरबाबांच्या, म्हणजे अरब मालकांच्या, मजऱ्यावर. मजरा म्हणजे शेत. खजुराची झाडं, बकऱ्या, चार उंट आणि अरबाबांची हौस म्हणून पाळलेला पंचवीसएक चितळांचा कळप. त्या कळपाची सगळी जबाबदारी अब्बांवर. रायगडातून आलेला माणूस, चाळीस वर्षं गल्फमध्ये, त्यातली शेवटची अठरा या हरणांत गेली. आई गावीच. मी त्यांना किती वेळा म्हटलं असेल, आता बस करा, घरी जा. "जाईन इन्शाल्ला," म्हणतात, आणि चाऱ्याची पाटी उचलून चालू लागतात.

गुरुवारी दुपारी खुद्द अरबाबांचा मला फोन आला. असं कधीच झालं नव्हतं.

"तुम्हारा बाप मेरा बात नहीं सुनता," ते म्हणाले. "तुम आओ. कल सुबह."

झालं होतं असं. उन्हाळ्याच्या तोंडावर चितळांचे नर माजावर येतात. शिंगांवरची मखमल गळते, शिंगं पक्की होतात, मान फुगते, आणि मग एकमेकांशी झुंजायचं, दिवसभर ओरडायचं, एवढाच उद्योग. दरवर्षीचंच आहे ते. पण या वर्षी कळपातल्या सगळ्यात मोठ्या नराने दुसऱ्या एका नराला पोटात शिंग घालून मारलं होतं. दुसऱ्या दिवशी पिकअपच्या दाराला धडका दिल्या. अरबाबांनी रीतसर परवानगी काढली आणि जुम्म्याच्या नमाजनंतर बंदूकवाला माणूस बोलावला. हे ऐकल्यावर अब्बांनी काय करावं? फाटकाला स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली बनियनच्या खिशात टाकली आणि सांगितलं, आधी मला गोळी घाला. वर स्वतः मात्र रोज आत जाऊन त्याच नराला हाताने चारा देत होते.

"हिरन दूसरा आएगा, खलास," अरबाब म्हणाले. अब्बांना ते हाजीच म्हणतात. "हाजी दूसरा किधर से लाऊँ?"

मी फोन ठेवला आणि वर्कशॉपमध्ये एका पोरावर उगाचच खेकसलो. राग त्याचा नव्हताच. राग अब्बांचा होता, आणि त्याहून जास्त त्या हरणाचा. आता कबूलच करतो, मला त्या हरणाचा हेवा वाटत आला होता. चार वर्षांपूर्वी त्याची आई मेली तेव्हा ते ओंजळीत मावेल एवढं पाडस होतं. अब्बांनी त्याला आपल्या खोलीत ठेवलं, एसी कमी करून गोधडीत गुंडाळून, आणि बकरीचं दूध बाटलीने पाजून जगवलं. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज त्याचे व्हिडिओ यायचे. माझी मुलगी "सो क्यूट" लिहायची. मी काही लिहायचो नाही. मी तान्हा असताना या माणसाने मला एकदाही बाटली धरली नव्हती. मी जन्मलो तेव्हा ते शारजात होते आणि पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी चालत होतो. चूक कोणाचीच नव्हती, आमच्या गावात सगळ्यांच्याच घरी तसं होतं. पण म्हणून मनाला लागायचं थोडंच राहतं!

संध्याकाळी मी एका डॉक्टर बाईंना फोन केला. जनावरांच्या डॉक्टर, मूळच्या नागपूरच्या. त्यांच्या दुबईतल्या दवाखान्याचे पिंजरे मीच करून दिले होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"बाटलीवर वाढलेला आहे का तो?"

"हो. माझ्या वडिलांनीच वाढवलाय."

"मग वडिलांना आत जाऊ देऊ नका. मी सकाळी येते."

पहाटेची नमाज पढून मी गाडी काढली. पोचलो तेव्हा आठ वाजले होते. अब्बा फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. मी गाडीतून उतरतोय तोच विचारलं, "नाश्ता केलास?" माणसाचा जीव टांगणीला लागलाय आणि यांना नाश्त्याची पडलीय! मी तोंडावर आलेलं गिळलं. आतून त्या नराचं ओरडणं येत होतं, जाडंभरडं, घसा फाटल्यासारखं. ओरडायचा, थांबायचा, परत ओरडायचा.

डॉक्टर बाई आल्या, सोबत भुलीचं इंजेक्शन मारायची बंदूक घेऊन. अरबाबही आले. बाईंनी सांगितलं की याला भूल देऊन शिंगं कापायची आणि माज उतरेपर्यंत वेगळ्या वाड्यात ठेवायचा, मारायची गरज नाही. पण जे करायचं ते दहाच्या आत. ऊन चढल्यावर भूल दिली तर जनावर तापून मरेल. अरबाब म्हणाले, ठीक आहे, एक संधी. नाहीतर नमाजनंतर बंदूक.

अब्बांनी किल्ली काढून दिली. मला वाटलं, चला, सुटलो. कसलं काय.

"मी पण आत येणार," ते म्हणाले. "तो माझ्या हाकेला येतो."

"चाचा, तीच तर भीती आहे," बाई म्हणाल्या. "रानातलं हरीण माणसाला भितं. हा भीत नाही. त्याला तुम्ही त्याच्यातलेच वाटता. म्हणजे या दिवसांत तुम्ही त्याच्यासाठी दुसरा नर आहात."

अब्बा हसायला लागले. "अहो डॉक्टरीणबाई, मी त्याची आई आहे."

अब्बांना खोटं तरी कसं ठरवणार? लहानपणी ते गावच्या हाक्याला गेलेले. तेव्हा पोरं डबे बडवत डोंगर चढायची आणि भेकरं, सांबरं जीव घेऊन समोर बसलेल्या बंदुकीकडे धावायची. ते त्यांना कधीच आवडलं नाही. आयुष्यात पाहिलेलं प्रत्येक हरीण त्यांनी माणसाला बघून पळताना पाहिलं होतं. फक्त हा एक पळत नव्हता, आणि त्याला ते माया म्हणत होते.

शेवटी तडजोड झाली. पिकअप मी चालवायची, अब्बांनी माझ्या शेजारी बसायचं, उतरायचं नाही. मागे हौद्यात बाई बंदूक घेऊन उभ्या. अरबाब फाटकापाशी थांबले. जागा मोठी होती, दोन-तीन फुटबॉलची मैदानं बसतील एवढी. मध्ये गाफची झाडं, कडेला खजूर. माद्या आम्हाला बघून बाजूला झाल्या. तो एकटा गाफच्या खाली उभा होता. शिंगांत शेडची फाटकी हिरवी जाळी अडकलेली, खुरांनी माती उकरलेली. देखणं जनावर, खोटं कशाला बोलू! मी त्याला बाटलीवाल्या व्हिडिओनंतर पाहिलंच नव्हतं.

बाईंनी पहिलं इंजेक्शन मारलं ते गाफच्या बुंध्यात जाऊन रुतलं. तो उधळला आणि लांब गेला. मग अर्धा तास आम्ही नुसते त्याच्या मागे. पिकअप जवळ गेली की तो सरकायचा. साडेनऊ वाजून गेले. ऊन काचेतून चटके देऊ लागलं. तयार इंजेक्शन आता एकच उरलं होतं.

"अजून दहा मिनिटं," मागून बाई म्हणाल्या. "मग मी थांबवणार."

थांबवणार म्हणजे काय ते अब्बांना बरोबर कळलं. मी गिअर बदलत होतो तेवढ्यात त्यांनी दार उघडलं. मी त्यांचा सदरा धरला, तो खिशाजवळ टर्रकन फाटला आणि अब्बा खाली. हातात चाऱ्याची बादली, आणि तोंडाने जीभ टाळूला लावून टक-टक असा आवाज. चार वर्षांपूर्वी दूध पाजताना करायचे तोच.

आणि तो खरंच आला. हळूहळू, आडवा चालत, पाय ताठ, कान मागे पाडलेले, मान खाली. अब्बांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर असा आनंद! "बघ," ते म्हणाले. "आला की नाही?"

"चाचा, मागे या! तो मारायला येतोय!" बाई ओरडल्या.

खरं सांगतो, एक क्षण मला क्लच कुठे आहे तेसुद्धा आठवेना. तो धावला. अब्बांनी बादली पुढे केली, शिंगं बादलीत घुसली आणि अब्बा पाठीवर आडवे. मी गाडी घातली. कशी घातली ते मला आजही सांगता येणार नाही. गाडी त्यांच्या आणि त्याच्या मधे आली, तो बादलीसकट दारावर आदळला, आणि मी दुसऱ्या बाजूने उतरून अब्बांना काखेत हात घालून ओढलं. एवढा माणूस, पण वजनच लागलं नाही. आत ढकललं, वर मी पडलो, दार लावलं. वरून बंदुकीचा फट्ट आवाज झाला.

"लागलं!" बाई म्हणाल्या. "मांडीत लागलं. आता कोणी हलू नका. चाचा, ऐकताय ना? कोणी म्हणजे तुम्ही!"

आम्ही बसून राहिलो. तो फिरत होता, बादली झटकली, परत ओरडायला गेला पण आवाज अर्ध्यातच विरला. मग मागचे पाय अडखळले आणि तो सावलीत बसला. अब्बा माझ्या मांडीवर डोकं ठेवून वर छताकडे बघत होते. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला होता. धडधड चालू होती. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंड सुटलं. काय काय बोललो देव जाणे! अक्कल आहे का, वय काय, आईला मी काय सांगितलं असतं. बापाला कधी बोलू नये ते सगळं बोललो. शेवटी ते म्हणाले, "झालं? आता उतर. डॉक्टरीणबाई एकट्या आहेत."

डोळ्यांवर फडकं बांधलं, अंगावर पाणी ओतलं, आणि शिंगं कापायचं काम आलं माझ्याकडे. "लोखंड कापता ना रोज?" असं म्हणत बाईंनी करवत हातात दिली. पक्क्या शिंगात रक्त नसतं, नख कापल्यासारखंच. अब्बांनी त्याचं डोकं धरलं होतं. लंगडत येऊन बसलेच. दोन्ही शिंगं निघाली. मग त्याला ओढून वेगळ्या वाड्यात नेलं, बाईंनी उतारा टोचला, आणि तीन-चार मिनिटांत तो डुलत उभा राहिला. शिंगांविना अगदी बावळट दिसत होता. अरबाबांनी फोन करून बंदूकवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. मग अब्बांना मिठी मारली आणि वाड्याला नवीन कुलूप लावलं. त्याची किल्ली मात्र स्वतःच्या खिशात ठेवली.

मी अब्बांना दवाखान्यात घेऊन गेलो. मांडी काळीनिळी पडली होती, पण एक्स-रेमध्ये हाड शाबूत. शाबूत हा शब्द मला इतका गोड कधीच लागला नव्हता. गाडीत येऊन बसलो, एसी लावला. त्यांनी पट्टा लावला नाही.

"तुला वाटत असेल, बाप हरणापायी वेडा झालाय," ते म्हणाले.

वाटतच होतं.

"चार महिने दर दोन तासांनी उठायचो मी. दूध गरम करायचं, पाजायचं, पोट चोळायचं. एकदा त्याला ढाळ लागले, मला वाटलं हे आता जातंय. त्याला हातात घेऊन बसलो आणि एकदम ध्यानात आलं." त्यांनी दुखरी मांडी सरळ केली. "तुला दीड वर्षाचा असताना न्यूमोनिया झाला होता. मला ते कळलं तोपर्यंत तू बरा पण झाला होतास. पत्रातून कळलं. तेव्हा तुझी आई एकटी बसली असेल अशी. मला कधी सुचलंच नाही रे विचारायला. त्या पाडसामुळे सुचलं. त्याला गोळी कशी घालू देऊ?"

मला न्यूमोनिया झाला होता हेच मला माहीत नव्हतं.

"मग आईला सांगितलंत हे?"

"काय सांगायचं? चाळीस वर्षांनी?"

मी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. नाही नाही म्हणत होते, पण तिकडून आईने उचललासुद्धा. स्पीकर चालू होता. ते बराच वेळ घसा खाकरत राहिले.

"ऐक," ते म्हणाले, "हा लहान असताना आजारी पडला होता ना, तेव्हा रात्रभर तू एकटीच होतीस का गं घरात?"

पलीकडून आईचा घाबरलेला आवाज आला, "काय झालंय तिकडे? कोण गेलं? माझ्याशी खरं बोला."

अब्बांनी माझा हात धरला. घट्ट धरला, लहान पोराचा धरावा तसा.

"कोणी गेलं नाही गं," ते म्हणाले. "आम्ही दोघं आहोत. तू सांग, मी ऐकतोय."