जमिनीवरचा डोंगा

चंपतला भिलाईत कुणी विचारलं की बाबा तू कुठला, तर तो गावाआधी नदीचं नाव सांगायचा. वैनगंगेचा, म्हणायचा. ऐकणारा आंध्रातला नाहीतर पंजाबातला असायचा, त्याला वैनगंगा काय आणि भिलाईजवळची शिवनाथ काय, सारखीच. पण चंपतला त्याचं काही वाटायचं नाही. माणूस जातीनं ढिवर, धंद्यानं नावाडी. खापरघाटला त्याच्या बापाचा डोंगा होता. बाप गेला तेव्हा घरात भाऊ दोन आणि डोंगा एक. एका डोंग्यावर दोन संसार बसले की तो बुडतो, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. सत्तावन्न साली पोलादाच्या कारखान्याचं खोदकाम जोरात होतं आणि मिळतील तितके हात हवे होते. चंपतनं डोंगा धाकट्या देवाजीच्या हवाली केला आणि भिलाई गाठली.

आधी त्यानं माती वाहिली. मग गाठी मारायचा हात पाहून त्याला खलाशांच्या टोळीत घेतलं. खलाशी म्हणजे इथं पाण्यातला नव्हे. दोरखंड आणि साखळ्या बांधून टनावारी लोखंड उचलणारा, चढवणारा, उतरवणारा. नावाड्याच्या पोराला समुद्रही न पाहता खलाशी व्हायला मिळालं, आणि तेही कोरड्या ठणठणीत माळावर.

राहायला कॅम्पातली बराक. एका पत्र्याखाली बारा माणसं, बारा खाटा, बारा तऱ्हेच्या भाजीचा वास. बायको रुक्मा गावी, सासूजवळ. टोळीतल्या कितीकांनी बायका आणल्या होत्या. कॅम्पाच्या कडेला बांबू रोवले, वर ताडपत्री टाकली की झालं घर. चंपतला ते पटायचं नाही. त्यानं सेक्टरातली कारखान्याची क्वार्टरं बांधली जाताना पाहिली होती. दोन खोल्या, अंगणात नळ, छताला दिवा. रुक्मा येईल तर अशा घरात येईल, हे त्यानं एकट्यानंच ठरवून टाकलं होतं. रुक्माला विचारायचं त्याला सुचलं नाही. क्वार्टरांच्या यादीत नाव होतं, पण यादी कसली, मारुतीचं शेपूट.

रुक्मा मात्र गप्प बसणारी नव्हती. गावाकडून भिलाईला येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ती निरोप पाठवायची. दिवाळीला केवलरामनं आणला, होळीला फकिरानं आणला. निरोप एकच: झोपडी चालते म्हणावं, मले घेऊन जा. चंपतचं उत्तरही ठरलेलंच असायचं. पुढच्या साली. अशी चार सालं गेली. माणूस वाईट नव्हता हो, पण शहाणपणाचा मक्ता घेतलेली माणसं असतात ना, त्यातला होता.

एकसष्टच्या पावसाळ्यात टोळीच्या मुकादमानं एक बातमी आणली. येत्या जानेवारीत कामगारांची पाच मैलांची शर्यत आहे, पहिले तीन आले की कारखान्याच्या चमूत, आणि चमूतल्या गड्यांना क्वार्टर लवकर मिळतं असं खेळांचं पाहणारे कुणी साहेब बोलून गेलेत. कागदावर कुठं काही नव्हतं. पण बुडत्याला काडी पुरते. चंपत दुसऱ्याच दिवशी उतई गावाच्या वाटेनं पळायला लागला.

शिफ्ट सकाळची असली तर दुपारनंतर, दुपारची असली तर पहाटे. अनवाणी, मुरमाच्या रस्त्यावर. अंगात रग होती, अक्कल नव्हती. रोज पळायचा, काल जितकं त्याहून जास्त. तीन आठवड्यांत नडग्या अशा ठणकायला लागल्या की जिना चढताना कठड्याला धरावं लागे. बराकीतले हसायचे. रुक्मासाठी पाय मोडून घेतोय म्हणायला तिथं गावचं कुणी नव्हतं, कुणाला रुक्मा ठाऊक नव्हती. चंपतनं कुणाला सांगितलंच नव्हतं.

असाच लंगडत असताना टोळीला एका रशियन इंजिनियरच्या बंगल्यावर खोकी उतरवायला पाठवलं. साहेबाचं नाव अर्काडी आणि पुढं बरंच काही; टोळीनं त्याचं अर्कासाहेब केलं होतं. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, बायको-मुलगी तिकडं दूर देशी. एका खोक्यातून एक अजब चीज निघाली. लांबट लोखंडी सांगाडा, त्यावर रुळांवर मागंपुढं सरकणारी लाकडी बैठक, पाय अडकवायला पट्टे, आणि दोन्ही बाजूंना ओढायच्या दांड्या. ओढलं की आतल्या जाड स्प्रिंगा उलट ओढायच्या. टोळीतल्या कुणाला वाटलं चक्की, कुणाला वाटलं दवाखान्याचं काहीतरी. चंपतनं मात्र दोन दांड्यांकडं पाहिलं आणि ओळखलं. हा डोंगा होता. पाणी नाही, तळ नाही, पण वल्ही होती.

साहेबानं त्याचं बघणं पाहिलं, लंगडणंही पाहिलं, आणि खुणेनं बस म्हणाला. चंपत बसला, चार वेळा ओढलं. पाचव्या ओढीला त्याचा मेळ बसला. साहेब स्वतःच्या छातीवर हात मारून कायकाय बोलला. तरुणपणी तोही नदीवर वल्ही मारायचा, एवढं हातवाऱ्यांवरून कळलं. दोन नावाडी नदीपासून शेकडो कोसांवर एका व्हरांड्यात भेटले, आणि दोघांची एक शब्दाचीही ओळख नाही.

तिथून शिक्षण सुरू झालं. भिंतीवरच्या कॅलेंडरात साहेबानं एका दिवसावर पाय काढला, दुसऱ्यावर वल्हं, तिसऱ्यावर पाय, चौथ्यावर वल्हं, आणि रविवारी दोन्ही. अर्थ साधा होता. पळण्याच्या दिवशी पाय झिजतात. वल्ह्याच्या दिवशी पायाला जमिनीचे दणके नाहीत, पण छातीचा भाता तितकाच चालतो. दम वाढतो, नडग्या भरून येतात. महिन्याभरात चंपतचं लंगडणं गेलं. खलाशाला हे कुणी सांगितलं असतं तर त्यानं उडवून लावलं असतं, पण स्वतःच्या नडग्या कशा उडवून लावणार?

भांडण झालं ते रविवारच्या क्रमावरून. साहेबाचं म्हणणं, आधी वीस मिनिटं वल्हं, मग पळणं. चंपत ऐकेना. घाटावर पूर असला की डोंगा सरळ पार नेता येत नाही, धार खाली ओढते. म्हणून आधी दोर खांद्याला लावून काठानं वर पळायचं, डोंगा पाव कोस वर न्यायचा, मग पाण्यात घालायचा, म्हणजे धारेनं खाली येतयेत तो बरोबर समोरच्या घाटाला लागतो. आधी पाय, मग हात. बापजाद्यांची रीत. हे सगळं त्यानं व्हरांड्यात दोर खांद्याला घेतल्यासारखं पळून दाखवलं. साहेब पोट धरून हसला, मग घड्याळ काढून त्यानं दोन रविवार दोन्ही तऱ्हा मोजल्या, चंपतचीच सरस निघाली, तेव्हा डोकं हलवून कॅलेंडरातला आपला क्रम खोडला. त्या दिवशी साहेबानं त्याला काळा चहा आणि मुरंबा दिला आणि मुलीचा फोटो दाखवला. चंपतजवळ दाखवायला फोटो नव्हता. त्यानं हातानंच रुक्माची उंची दाखवली, आपल्या खांद्याएवढी. साहेबाला वाटलं असेल, याचीही पोरगी.

नोव्हेंबरात साहेबाची मुदत संपली. तो गेला आणि यंत्र साहेबलोकांच्या क्लबात गेलं, जिथं खलाशाला फाटकातून आत सोडायचा प्रश्नच नव्हता. दोन आठवडे चंपतला हातापायांना काय करावं कळेना. मग त्यानं सायकलच्या दोन जुन्या ट्यूबा मिळवल्या, बराकीच्या खांबाला बांधल्या, पाय खांबाला रेटून जमिनीवर बसला आणि ट्यूबा ओढायला लागला. बैठकीखाली तेल लावलेलं गोणपाट, सरकायला. बराकीत तमाशाच झाला. कुणी विचारी, नावाडीबुवा, पल्याडचं भाडं काय? कुणी म्हणे, सांभाळा, वर पूर आलाय. चंपतही हसायचा. पण डोळे मिटून ओढताना त्याला खरंच समोरचा काठ दिसायचा, काठावर रुक्मा असायची, आणि कितीही ओढलं तरी डोंगा तसूभर सरकत नसे. इतकी माणसं भोवती असून तो किती एकटा होता हे त्याला त्या वेळी कळायचं. मग तो उठून उतईच्या वाटेला पळत सुटायचा.

जानेवारी उजाडला. शर्यतीला दीडशेच्या वर गडी. चंपत पहिले दोन मैल मागंच राहिला, मग एकेकाला मागं टाकत गेला. चौथा मैल संपला तेव्हा त्याच्यापुढं एकच माणूस होता, कोक ओव्हन खात्यातला एक सरदार, आणि चंपतचा दम शाबूत होता. मागचा गडी चांगला शंभर पावलं दूर. क्वार्टर, नळ, दिवा, सगळं त्याला डोळ्यांपुढं दिसत होतं. हातातोंडाशी घास आला होता.

तेवढ्यात मागून हाक आली. लांब, ताणलेली, "हो ऽऽ, रुकोऽ!"

आता घाटावरची रीत सांगायला हवी. काठावरून हाक आली की नावाडी डोंगा फिरवतो. अर्ध्या पाण्यात असला तरी, उतारू शिव्या देत असले तरी. काय माहीत, काठावर बाळंतीण असेल, साप चावलेला असेल. हाक कोणाची, कशासाठी, ते काठाला लागल्यावर विचारायचं. चंपतच्या बापानं हे कधी शिकवलं नाही. ते हाडातच होतं. चंपतचे पाय थांबले आणि तो मागं वळला. विचार नंतर आला, तोवर तो वीस पावलं उलट पळून गेला होता.

रस्त्याच्या कडेला एक गडी पोटरी धरून लोळत होता. चंपतनं त्याचा पाय ताणला, पोटरी चोळली, बगलेत हात घालून उभं केलं. त्या वेळात एकामागून एक माणसं बाजूनं निघून गेली. उभं राहिल्यावर तो गडी नवलानं म्हणाला, "अरे भाई, तू काहे रुक गया? मैं तो पानीवाले को बुला रहा था." पाणीवाला सायकल घेऊन मागंच उभा होता.

दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते असं. चंपत एकतिसावा आला.

फेब्रुवारीत रजा घेऊन तो गावी गेला. तुमसर रोडला उतरून पुढं पायी, मग देवाजीच्या डोंग्यातून पल्याड. हरलेल्या शर्यतीची गोष्ट त्यानं अंगणात सगळ्यांना सांगितली, आणि सांगता सांगता ती जिंकल्यासारखीच झाली. म्हाताऱ्या आईनं बोटं मोडून दृष्ट काढली. बापाचं नाव राखलं, असं शेजारी म्हणाले. रुक्मा चुलीपाशी बसून ऐकत होती.

रजेच्या शेवटच्या दिवशी सकाळी ती त्याच्यासोबत घाटावर आली, त्याचं गठुडं घेऊन. चंपतनं नेहमीचं सुरू केलं, यादीत नाव वर सरकलं आहे, पुढच्या साली नक्की. रुक्मानं गठुडं त्याच्या हातात दिलं.

"परक्या मान्साच्या एका हाकेवर तुमी मागं फिरले," ती म्हणाली. "मी चार सालापासून हाका मारून राहिली. त्या कावून नाई आयकू आल्या?"

रागानं नाही म्हणाली. खरंच विचारल्यासारखं म्हणाली. चंपतला राग आला, मग लाज वाटली, मग गाडीची वेळ आठवली. तो डोंग्यात जाऊन बसला आणि देवाजीनं बांबूनं डोंगा लोटला.

नदी उतरली होती, धार संथ. चंपत काठाकडं तोंड करून बसला होता. रुक्मा उभीच होती, पदर खांद्यावर, हात मोकळे. आता हाक मारील, आता मारील, असं त्याला वाटत राहिलं. एक हाक आली असती तर त्यानं डोंगा फिरवला असता, शिफ्ट गेली खड्ड्यात. क्वार्टर नको, ताडपत्री तर ताडपत्री, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण रुक्माच्या हाका सरल्या होत्या.

मधोमध आल्यावर देवाजीनं बांबू थांबवला. भावाकडं पाहिलं, मग काठाकडं.

"दादा, तूच मार ना हाक," तो हळूच म्हणाला.

चंपतनं तोंड उघडलं. नावाड्याच्या पोरानं जन्मभर हाका ऐकल्या होत्या, मारली एकही नव्हती. काय म्हणून हाक मारावी, नावानं की आणखी कशानं, आवाज किती लांबवावा, त्याला काही केल्या उमगेना. धार डोंग्याला खाली नेत होती आणि काठावरची रुक्मा लहान होत चालली होती. तो अजून शब्दच जुळवत होता, तेव्हा डोंगा पल्याडच्या वाळूला लागला.