पुढच्या तीस वर्षांची देखभाल

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "आंटी, पापा नहीं रहे," एवढंच ती म्हणाली. मेश्राम साहेबांची ही एकुलती एक मुलगी. मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीतच. मला रडू आलं नाही. फार थकल्यासारखं झालं… आता पाच-सहा आठवडे होत आले, तो थकवा काही उतरत नाही.

रायपुरात कालव्यांच्या कार्यालयात साहेब इंजिनिअर होते आणि मी नकाशे काढायची. दोघांचीही घरं मूळची भंडाऱ्याकडची, म्हणून माझ्याशी ते गावच्या बोलीत बोलायचे. नवा कालवा खोदायचा म्हटलं की कार्यालयात सगळ्यांना उत्साह यायचा. साहेबांना काळजी खोदून झालेल्या कालव्यांची. कुठे अस्तर फुटलंय, गाळ कधी काढायचा, कोणतं गेट किती वर्षं टिकेल, हे सगळं त्यांनी पुढच्या तीस वर्षांसाठी मांडायला घेतलं. त्यासाठी दोन उन्हाळे आम्ही कोरड्या कालव्यांतून पायी हिंडलो. आराखड्यात सगळ्यात वर एक जुनं, गंजलेलं गेट होतं. ते आधी बदला, असं साहेबांनी तीनदा लिहून दिलं. वरून उत्तर यायचं, पुढच्या वर्षी पाहू.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी, कालवा भरून वाहत असताना, मुसळधार पाऊस आला. पाणी ताबडतोब बंद करायला हवं होतं आणि नेमकं तेच गेट अडकलं. चौकीदार बिसाहू एकटाच गेटच्या चाकाशी झटत राहिला. चाक एकदम उलटं फिरलं आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. पुढे काठ फुटला, कापणीला आलेलं धान चिखलात आडवं झालं. साहेब दवाखान्यात बिसाहूजवळ बसून होते. त्यांचा चेहरा पाहून तोच त्यांना धीर देत होता, "एक हाथ तो बने हे, साहेब." एक हात तर चांगला आहे…

चौकशी लागली. गेटकडे दुर्लक्ष का झालं, असं साहेबांनाच विचारलं गेलं. त्यांच्या तिन्ही पत्रांच्या प्रती माझ्या कपाटात होत्या. मी त्या घेऊन साहेबांकडे गेले.

"राहू दे बाई," ते म्हणाले. "हे दाखवून मी सुटीन. बिसाहूची बोटं वापस येऊन राहिली का?"

"पण चूक तुमची नाही, साहेब."

"मले मालूम होतं ना, ते गेट अडकणार म्हणून? मंग मी नुसते कागदच काहून लिहीत बसलो?"

ठपका त्यांच्यावर बसला, बढती गेली. मी कागद परत कपाटात ठेवले. ठेवायला नको होते, असं अजून वाटतं.

गेट नंतर बदललं. बाकीचा आराखडा तसाच पडून राहिला. तेव्हा साहेबांनी रंगाचा डबा घेतला. सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर जायचे आणि एकेका गेटच्या खांबावर लिहायचे, ग्रीस कधी लावायचं, दार कोणत्या साली बदलायचं. "फाईल कोणी उघडत नाही, बाई. जो चाक फिरवते, त्याच्या डोळ्यासमोर पाहिजे." कधी कधी मीही सोबत असायची. एका खांबावरचं साल इतकं पुढचं होतं की मला हसू आलं. म्हटलं, "तेव्हा आपण राहू का, साहेब?" ते ब्रश पुसत म्हणाले, "गेट तं राहीन ना." पुढे बऱ्याच खांबांवर कोणी चुना फासला. बिसाहूच्या हद्दीतली अक्षरं मात्र टिकली, आणि तिथे ग्रीसही वेळेवर लागत राहिलं. तेवढंच. शेवटी शेवटी साहेब स्कूटर लावून काठावर बराच वेळ नुसते बसायचे. घरी चला म्हटलं तरी उठायचे नाहीत…

गेल्या रविवारी पुरानी बस्तीतल्या त्यांच्या घरी गेले. वहिनी आधीच गेल्या. आता पल्लवी एकटीच. चहा झाल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडून दाखवलं. आतून एक कागद चिकटवलेला होता. मोटर, टाकी, गच्ची, गॅसची नळी, आणि प्रत्येकासमोर महिने. साहेबांनी जन्मभर स्वतःची टिपणं मराठीत काढली. हा कागद हिंदीत होता, मोठ्या, सुट्या अक्षरांत.

"इस महीने टंकी है, आंटी," असं म्हणत पल्लवीने ओढणी खोचली आणि गच्चीवर टाकीला शिडी लावली. मी ती खालून धरून उभी राहिले.