लाभ म्हणणारे गुलाबमामा

गुलाबमामांनी पोत्यांची मोजणी कधीच ‘एक’पासून सुरू केली नाही. आमच्याकडे मापारी पहिल्या पोत्याला ‘लाभ’ म्हणतो आणि मग दोन, तीन असा पुढे जातो. इतर मापारी तो शब्द पुटपुटून मोकळे होतात. मामा मात्र खर्जात, लांबवून म्हणायचे, “लाऽऽभ!” कारंज्याच्या बाजारात आमचं अडतीचं दुकान आहे. त्या आवाजावरूनच मला कळायचं, की लिलाव आटोपला आणि मापं सुरू झाली.

मामा धनजचे. उंच, वाळके, आणि शर्टाच्या खिशावर मापाऱ्याच्या परवान्याचा पितळी बिल्ला. तो रोज सकाळी चिंच लावून घासत असावेत, इतका लखलखायचा. एकदा माझ्याच काकांनी त्यांना हळूच सुचवलं, की शेतकऱ्याचं बारावं पोतं मोजलं नाही तरी चालेल. मामांनी सगळी पोती पुन्हा ‘लाभ’पासून मोजायला घेतली, साऱ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात. काका आठवडाभर धुसफुसत होते. मामा मला म्हणाले, “छोटे सेठ, तोंडातून लाभ निंगाला का मंग तो गिळता येत नाई.”

सगळं जगच असं वागतं, असं ते धरून चालले होते. हा एवढाच त्यांचा दोष.

मागच्या क्रिकेटच्या हंगामात त्यांच्या फोनवर एक लिंक आली. पाठोपाठ एका गोडबोल्या माणसाचा फोन. ‘काका, काका’ करत त्यानं मामांकडून पैजेचं ॲप उतरवून घेतलं आणि पहिली पैज लावून घेतली. दुपारी लावलेले पैसे संध्याकाळी वाढून खात्यात आले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, काका, तुमचा आवाज भारी आहे, दोन शब्द बोलून पाठवा. मामांनी माझ्यासमोर, भर शेडमध्ये फोन तोंडाशी धरला. “मी गुलाबराव, कारंज्याचा मापारी. लाऽऽभ झाला!” हमालांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

तरी मी विचारलं होतं, “मामा, यांचं ऑफिस कुठं? परवाना कोणाचा?”

त्यांनी बिल्ल्यावर बोट आपटलं. “पोतं मोजाले मले परवाना लागते. एवढा पैसा फिरवणाऱ्याले नसन का? तुमी काहून भेता?”

उत्तर माझ्या तोंडात होतं. पण समोर गिऱ्हाईक उभं होतं, आणि मी विषय सोडून दिला.

त्या ॲपवर वाढत्या आकड्याच्या डोक्यावर हिरव्या अक्षरात मराठीत लिहिलेलं असायचं, ‘लाभ’. मामांना तेवढं पुरलं. बाजारात लाभ पुकारला, की पोतं काट्यावर आलेलंच असतं. इथे नुसताच पुकारा होता, पोतं नव्हतंच, हे त्यांच्या ध्यानीमनी आलं नाही. घराच्या स्लॅबसाठी ठेवलेले पैसे ते त्यात टाकत गेले. काढायला गेले तेव्हा त्या माणसानं सांगितलं, आधी टॅक्स भरा. भरला. मग म्हणाला, खातं तपासायचे भरा. तेही भरले. मग तो नंबर बंद झाला.

मी त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, कंपनीचं नाव, पत्ता, परवाना? मामांकडे एक बंद नंबर होता. बाहेर येऊन ते पायरीवर बसले. “त्याचा बिल्लाच नाई पाह्यला म्या,” एवढंच म्हणाले.

पैसा गेला, तो त्यांनी सोसला असता. पण पंधरा दिवसांनी जऊळक्याचा एक शेतकरी त्यांना शोधत शेडमध्ये आला. त्यानं फोन पुढे करून बटण दाबलं. “लाऽऽभ झाला!” फोनमधून मामाच ओरडले.

“हा आवाज तुमचाच ना, मामा? याच्याच भरोशावर पैसे टाकले म्या.”

मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे आमचे दोन हमाल खाली मान घालून उभे होते. त्यांनीही तोच आवाज ऐकून पैसे टाकले होते. त्यानंतर मामा रोज तो बंद नंबर लावत राहिले. पैशासाठी नाही. माझा आवाज काढून टाका, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

सोयाबीनचा हंगाम आला. पहिलं पोतं काट्यावर चढलं आणि मामा म्हणाले, “एक.”

माल ज्याचा होता तो म्हातारा कळवळून म्हणाला, “मामा, लाभ म्हणा ना. असं कायले करता?”

“तो शब्द माया नाई राह्यला, बाप्पा. त्याईनं नेला.”

तेवढी मापं त्यांनी पुरी केली. मग बिल्ला काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि धनजची गाडी धरली. पुन्हा ते बाजारात आले नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आलो. चहा पाजतात, बोलत नाहीत. बिल्ला माझ्या खणात काळवंडत चालला आहे.

परवा भर दुपारी माझ्या फोनवर एका अनोळखी नंबरवरून काहीतरी आलं. मापं चालू होती. मी सहज बोट लावलं.

“लाऽऽभ झाला!”

पाठीवर पोतं घेऊन चाललेला हमाल जागीच थांबला. त्यानं वळून दाराकडे पाहिलं.

“मामा आले काय, सेठ?”