आडवे मिस्त्री

खोलीतली फरशी बसवून झाली की मिस्त्री दारात पोटावर आडवे व्हायचे. गाल फरशीला टेकवायचा, डावा डोळा मिटायचा आणि समोरच्या गॅलरीतून येणाऱ्या उजेडाकडे बघत पाच-पाच मिनिटं निपचित पडून राहायचं. एखादी फरशी सूतभर जरी वर आली असेल, तर तिच्या कडेला बारीक सावली पडते. ही सावली उभ्या माणसाला दिसत नाही आणि इंजिनिअरला तर नाहीच नाही. मिस्त्रींना दिसायची. मग पडल्या जागेवरून बोट दाखवून ते ओरडायचे, "ती तिसरी उचल! परत बसव!" साइटवर सगळे त्यांना आडवे मिस्त्री म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.

ही दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. नाशकातल्या पाथर्डी फाट्याला आमच्या बिल्डरची दोन विंगांची स्कीम चालू होती आणि मी डिप्लोमा संपवून नुकताच तिथे चिकटलो होतो. मिस्त्री पेठ तालुक्यातले, पन्नाशी ओलांडलेले, पंचवीस वर्षं नाशकात फरशा बसवणारे. सरळच सांगतो, मला हा माणूस आवडत नसे. त्यांनाही मी आवडत नसे आणि ते लपवायचे कष्ट ते घेत नसत.

ते कुणालाच जवळ करत नसत म्हणा. रविवारी फ्लॅट बुक केलेली मंडळी बायकापोरांसह घर बघायला यायची आणि मिस्त्री दारातच आडवा हात धरायचे. "चपला भाईर!" एकदा बी विंगमधले एक गृहस्थ, आयटीत नोकरीला असलेले, भडकले. "अहो, घर माझं आहे." मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. "चावी भेटली का तुमचं. आज माझं हाय." गृहस्थांनी बूट काढले, पण चेहरा असा केला की मी मनातल्या मनात खूश झालो. निदान मी एकटा नव्हतो.

माझा हिशेब मात्र वेगळा होता. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाथरूमच्या उताराच्या खुणा मी करून दिल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, चुकल्यात. मी नकाशा दाखवला आणि आवाज चढवून तसंच करायला लावलं. त्यांनी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या बिगाऱ्यांना गोळा केलं, मला आत उभं केलं आणि बादलीभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे न जाता निवांतपणे माझ्या बुटांकडे आलं. "तुझ्या कागदावरचं पाणी लय शाणं हाय," मिस्त्री म्हणाले. "हे येडं हाय. उतार दिसंल तिकडंच जातं." बिगारी हसले. बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. सगळी फरशी उखडून त्यांनी दुपारपर्यंत नव्याने बसवली, आणि ते बरोबर होते हेच मला सगळ्यात जास्त झोंबलं.

त्याच आठवड्यात मी नवा कॅमेऱ्याचा मोबाइल घेतला होता. तेव्हा कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत जाऊन नेटवर आपलं पान उघडायचं आणि मित्रांना निरोप लिहायचे, हा आमचा मोठाच उद्योग होता. एका दुपारी हॉलच्या दारात मिस्त्री नेहमीसारखे आडवे झालेले दिसले. तोंड पलीकडे, एक चप्पल निसटलेली, बाजूला पाण्याची बाटली. मी फोटो काढला आणि संध्याकाळी पानावर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या साइटवर काम असं चालतं.' पुढे हसरा चेहरा.

मित्र हसले. माझा सूड फिटला. पण आमच्या स्कीममध्ये फ्लॅट घेणाऱ्यांनी त्याच वेबसाइटवर आपला एक ग्रुप काढला होता, आणि त्यात ते बूट काढावे लागलेले गृहस्थ होते. त्यांना फोटो कुठून तरी सापडला. त्यांनी तो ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'दारू पिऊन पडलेले हे लोक आपली घरं बांधतायत.' मग एकेकाला कंठ फुटला. कुणाला भिंतीला ओल दिसली, कुणाला सिमेंट कमी वाटलं. आयुष्यात कधी थापी न धरलेली माणसं खुर्चीत बसून मिस्त्रींच्या हाताची लायकी काढत होती. मी रोज कॅफेत जाऊन ते वाचत होतो आणि एक अक्षर लिहीत नव्हतो. लिहिलं असतं तर फोटो कुणाचा हे कळलं असतं.

चौथ्या दिवशी छोटे शेठ आले. हे बिल्डरचे चिरंजीव, कंपनीचं पान त्यांनी हौसेने काढलेलं. त्यांनी मिस्त्रींना ऑफिसात बोलावलं. मी कोपऱ्यात नकाशे गुंडाळत होतो.

"काका, उद्यापासून येऊ नका."

"का?"

"नेटवर तुमचा फोटो आलाय. पिऊन पडलेले म्हणतात."

"मी पीत नाय. आख्ख्या साइटला इचार."

"मला माहितीये हो," छोटे शेठ म्हणाले. "पण दोनशे लोकांनी बघितलंय."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. ते आडवे होऊन काय करतात, हे त्या ऑफिसात मला सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. मी नकाशे गुंडाळत राहिलो.

दुपारी छोट्या शेठनी बिगाऱ्यांना पिवळी हेल्मेटं घालून ओळीत उभं केलं आणि नवा फोटो टाकला. 'दोषीवर कारवाई केली आहे.' फोटो झाल्यावर हेल्मेटं मोजून परत कपाटात गेली.

या धंद्यात काम नावावर मिळतं. एक ठेकेदार दुसऱ्याला सांगतो, माणूस चांगला आहे. आता तेच ठेकेदार सांगू लागले, तो नेटवरचा दारुडा. इंदिरानगर, गंगापूर रोड, सगळीकडे फिरून मिस्त्री गावी निघून गेल्याचं कानावर आलं. त्यांच्या जागी आलेला माणूस माझं सगळं ऐकायचा. पहिल्याच महिन्यात तीन बाथरूममध्ये पाणी साचलं. तेव्हा मला या तिरसट माणसाची इतकी आठवण आली की रडू आलं.

फोटो मी काढून टाकला, पण ग्रुपवर त्याच्या प्रती तशाच होत्या. शेवटी एका सुटीच्या दिवशी पेठची एसटी पकडली, पुढे जीपने त्यांच्या गावी गेलो. मिस्त्री ओट्यावर बसून कुदळीला दांडा बसवत होते. त्यांनी चहा सांगितला. मी कप रिकामा केला. मग मी सांगितलं, फोटो मी काढला होता.

"ठाव हाय."

"मिस्त्री, चुकलं माझं."

"मी तवा काय करत व्हतो, तुमाला कळत व्हतं का नाय?" जन्मात पहिल्यांदा ते मला अहो-जाहो करत होते.

"कळत होतं."

"मंग तेवढं लिव्हायचं ना खाली."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आता लिहितो, मिस्त्री. आजच लिहितो."

"आता कोन वाचतंय?" ते म्हणाले. माझी कपबशी उचलून ते आत गेले आणि मी जीपची वाट बघत अंगणात उभा होतो तोवर पुन्हा बाहेर आले नाहीत.