मागच्या लाईटचं वर्ष

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कागद वाचून चुका करण्याचा मानही माझ्याकडेच आहे.

माझे वडील, आप्पा, शिरोळ ते कोल्हापूर वडापची, म्हणजे सीटा भरल्या की सुटणारी, गाडी चालवतात. उसाच्या एका ट्रॉलीने तिची मागची लाईट फोडली, आणि तीन दिवसांवर आरटीओचं पासिंग आलं होतं. लाईट नसेल तर पासिंग नाही, पासिंग नसेल तर गाडी दारात. आप्पा फुटकी लाईट पिशवीत घालून माझ्या हातात देत होते. मी घेतली नाही. गाडीचं आरसी कार्ड आहे, त्यावर वर्ष आहे, तेवढं पुरे, असं मी सांगितलं. (फुटकी लाईट मांडीवर घेऊन एसटीत बसायची मला लाज वाटत होती. हे तेव्हा बोललो नाही.)

कोल्हापुरात रफीकचाचांचं गाड्यांच्या जुन्या पार्टचं दुकान आहे. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, जुनी लाईट कुठाय? मी कार्डावरचं वर्ष मोठ्याने वाचून दाखवलं. या मॉडेलची बनावट कोणत्या वर्षी बदलली, हेही मोबाइलवर शोधून ऐकवलं.

"वर्ष कागदाला असतंय, पावणं," चाचा म्हणाले. "भोक गाडीला असतंय."

तरी मी त्या वर्षाचीच लाईट घेऊन आलो.

घरी बसवायला गेलो तर लाईट दोन बोटं लांब! आईने ती उलटी धरून पाहिली. शेजारचे काका कानस घेऊन आले. खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, लाईट बरोबर आहे, ट्रॉलीच्या धक्क्याने पत्राच आत आला असणार. वीस वर्षं गाडी चालवलेल्या आप्पांनी आधी पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हातोडा आणला.

"तू वाचलंयस न्हवं? मग बरोबरच असंल की."

आणि आप्पा धडधाकट पत्रा ठोकू लागले. चौथ्या ठोक्याला वाटीएवढा खळगा पडला. लाईट दोन बोटं लांबच राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं फुटकी लाईट घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी कार्ड घेतलं आणि नुसतं उलटं केलं. मी वाचलेलं वर्ष नोंदणीचं होतं. गाडी कारखान्यात बनल्याचा महिना मागच्या बाजूला होता, आणि तो आदल्या वर्षातला होता. आप्पांनी पाडव्याला हौसेने घेतलेली नवी गाडी शोरूममध्ये उरलेली, जुन्या बनावटीची होती. चाचांनी लाईट बदलून दिली. ती दोन स्क्रूंत बसली.

पासिंगला साहेबांनी खळग्यावर बोट ठेवलं आणि हे काय म्हणून विचारलं.

"ट्रॉली लागली, साहेब," आप्पा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

गाडी पास झाली. एक फॉर्म भरायचा राहिला होता. मला वाटलं, आता ते एजंटाकडे जातील. त्यांनी तो माझ्याच हातात दिला.

"वाच. पर या टायमाला मागनंबी वाच."

मी फॉर्म उलटला. मागची बाजू कोरी होती. ती मी दोनदा वाचली.